पेटीतले हवामान

मी चिरूट ओढीत नाही. विडी-सिगारेटही कधी ओढली नाही. कागल-निपाणीच्या पट्ट्यात जन्मलेल्या माणसाने असे सांगितले म्हणजे ऐकणाराला ते थोडेसे अविश्वसनीय वाटते, कारण आमच्याकडे तंबाखू हे व्यसन असण्याच्या आधी पीक आहे. शेतात उभी असताना तिचा दर्प, वखारीत गेली की तिचा ठसका आणि आजोबांच्या चंचीत शिरली की तिचा मान, अशा तिन्ही अवस्थांत मी तिला लहानपणापासून ओळखतो. परंतु ओळख निराळी आणि सलगी निराळी. सलगी मी केली नाही. असे असूनही २०२१ च्या जुलैपासून २०२४ च्या मेपर्यंत तिरुचिरापल्ली येथे मी एका चिरुटांच्या पेटीचा राखणदार होतो, आणि त्या काळात पेटीच्या आतले हवामान मला बाहेरच्या हवामानापेक्षा अधिक ठाऊक असे.

आपणांपैकी पुष्कळ जण बदलीच्या नोकरीत आहेत. नव्या गावी घर मिळविताना मालकाच्या कोणकोणत्या अटी मुकाट्याने मान्य कराव्या लागतात, हे त्यांना मी सांगायला नको. कोणी रात्री नऊनंतर फाटक उघडीत नाही, कोणी भिंतीला खिळा मारू देत नाही, कोणाला भाडेकरूचे पाहुणे सोसत नाहीत. माझ्या घरमालकांनी घर देताना कसलीच अट घातली नाही, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते असे माझी पत्नी पुढे अनेकदा म्हणाली. अट आली ती आठ महिन्यांनी, आणि ती विनंतीच्या वेषात आली.

घर उरैयूरला होते. आज ती त्रिचीतली एक दाट वस्ती आहे. एके काळी ती चोळांची राजधानी होती, आणि इंग्रजी अमदानीत हातमागाच्या लुगड्यांबरोबर चिरुटांसाठीही तिची ख्याती होती. घरमालक तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी कुटुंबे सतराव्या शतकात कावेरीच्या खोऱ्यात उतरली, त्यांपैकी एक. तंजावरचे राज्य इंग्रजांनी १८५५ साली खालसा केले. माणसे मात्र तिथेच राहिली आणि त्यांची मराठीही राहिली. तमिळ शेजारी या लोकांना ‘रायर’ म्हणतात. मी त्यांना काका म्हणू लागलो. त्यांच्या बोलण्यात तमिळचा हेल होता आणि मधूनच बखरीतून उठून आल्यासारखा एखादा शब्द येई. येथे मी ते आपल्या नेहमीच्या मराठीत उतरवून देतो, कारण त्याची नक्कल करणे मला साधणार नाही आणि शोभणारही नाही.

काका रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. वरच्या मजल्यावर ते, मुलगा, सून आणि नात. खालच्या मजल्यावर आम्ही. आमच्या बिऱ्हाडातली मागची खोली जुन्या जाड भिंतींची, उत्तरेकडे तोंड असलेली, साऱ्या घरात गार. एके दिवशी संध्याकाळी काका एक पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून जिना उतरले आणि म्हणाले, “हिला तुमच्या मागच्या खोलीत जागा द्याल काय? वर ही मरेल.”

पेटीत चौदा चिरूट होते.

चिरूट हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला असे वाटते, पण तो इंग्रजांनी याच मुलखातून नेलेला आहे. तमिळमध्ये ‘चुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी. त्रिचीची ही गुंडाळी एकोणिसाव्या शतकात विलायतेत इतकी माहीत होती, की कॉनन डॉइलने १८८७ साली आपला शेरलॉक होम्स पहिल्यांदा लोकांपुढे आणला तेव्हा खुनाच्या जागी पडलेल्या राखेवरून खुनी इसम त्रिचिनापल्ली चिरूट ओढीत होता हे त्याच्याकडून ओळखवून घेतले. काकांना ही गोष्ट मुखोद्गत होती. राख काळसर असते आणि तिचे पापुद्रे सुटतात, हे ते स्वतः राख दाखवून सिद्ध करीत. हवाना सिगारचे एक टोक बंद असते आणि ते ओढणाराने कापून घ्यावे लागते. चिरूट दोन्ही टोकांनी मोकळा, सरळ, काहीसा खडबडीत. त्याच्यात डामडौल नाही. पण रचना तीच: पोटात भरणीची पाने, त्यांवर बांधणीचे पान आणि सर्वांत वर एक निवडक, अखंड पान वेष्टनाला.

विसाव्या शतकात सिगारेटने हा धंदा हळूहळू खाल्ला. काकांना चिरूट वळून देणारा उरैयूरचाच एक कारागीर होता. काका नोकरीला लागले तेव्हापासून त्याचेच चिरूट ओढत आलेले. २०१५ साली त्याची बोटे वळेनाशी झाली. त्याने पंचवीस-पंचवीसच्या दोन जुड्या शेवटच्या म्हणून आणून दिल्या आणि पुढे तीन वर्षांत तो वारला. त्याच सुमारास काकांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी चिरूट बंद केला. काकांनी वर्षातून एकाची परवानगी मागितली. डॉक्टर म्हणाले, “मी हे ऐकले नाही.” काकांनी याचा अर्थ आपल्या सोयीने लावला.

वर्षातला तो एक चिरूट पोंगलच्या दुसऱ्या दिवशी ओढला जाई, आणि तोही एकट्याने नव्हे. नागूरहून त्यांचे एक स्नेही येत. ते रेल्वेत गार्ड होते; जातीने रावुत्तर, म्हणजे तमिळ मुसलमानांतल्या एका जुन्या, घोडदळाशी नाते सांगणाऱ्या समाजाचे. काका त्यांना ‘रावुत्तर’ म्हणत, ते काकांना ‘रायर’. पन्नास वर्षांच्या मैत्रीत दोघांनी एकमेकांचे खरे नाव कधी उच्चारले असेल असे मला वाटत नाही. आपल्याकडच्या ‘राऊत’ या शब्दातही घोडेस्वारच बसलेला आहे, हे मी एकदा सांगितले तेव्हा दोघेही आपापल्या सांधेदुखीकडे बघून खूप हसले. गाडी त्रिचीहून सुटली की ब्रेकव्हॅनमध्ये पेटविलेला चिरूट तंजावर येण्यापूर्वी संपत असे, हे रावुत्तरांचे जुने माप.

चौदांपैकी दोन चिरुटांना टाचणीने टोचल्यासारखी भोके होती. ते बाजूला काढले. उरले बारा. दरसाल दोन, म्हणजे सहा पोंगल. काका अठ्ठ्याहत्तर, रावुत्तर त्यांच्याहून दोन वर्षांनी वडील. हा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि काकांकडे पाहिले. हिशेबखात्यात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाने तो माझ्या आधीच केला असणार, हे उघड होते.

तेव्हा प्रश्न असा होता की बारा चिरूट सहा वर्षे जिवंत कसे ठेवावेत.

जिवंत हा शब्द काकांचा. मला तो प्रथम अतिशयोक्तीचा वाटला. वस्तुतः तंबाखूचे पान वाळवून, आंबवून, वळून झाल्यावरही हवेशी देवघेव चालूच ठेवते. हवा कोरडी असेल तर ते आपली ओल तिला देऊन टाकते, दमट असेल तर तिच्याकडून घेते. फार वाळले की वेष्टनाचे पान तडकते, सुगंधी तेले उडून जातात, आणि पेटविल्यावर चिरूट गवतासारखा भराभर व कडवट जळतो. फार ओलावला की तो फुगतो, चिरतो, ओढताना धूर येत नाही, दर दोन मिनिटांनी विझतो; आणि ओल अशीच राहिली तर बुरशी धरतो. या दोहोंच्या मधला पट्टा अरुंद आहे. सापेक्ष आर्द्रता पासष्टपासून बहात्तर टक्क्यांपर्यंत, उष्णता अठरा ते एकवीस अंश सेल्सिअस, असे सिगारचे शौकीन जगभर मानतात. आता जेथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो अशा त्रिचीत एकवीस अंश कोठून आणावेत? आर्द्रता राखणे हे त्या मानाने सोपे काम. आधी सोप्याकडे वळू.

प्रथम पेटी. सिगार ठेवण्याच्या पेट्या, ज्यांना ह्युमिडॉर म्हणतात, त्या ‘स्पॅनिश सीडर’च्या लाकडाने आतून मढवितात. हे झाड स्पेनचे नाही आणि सीडरही नाही. ते अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले, महोगनीच्या कुळातले. खरा सीडर म्हणजे आपला देवदार; त्याचा याच्याशी काही संबंध नाही. सरकारी कचेरीतही नावावरून काम ओळखण्याच्या भानगडीत शहाण्याने पडू नये, तसेच हे. महोगनीच्या याच कुळात आपला कडुनिंब आहे आणि तून नावाचा वृक्षही आहे. तून तर स्पॅनिश सीडरचा इतका जवळचा नातलग, की वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी त्याला त्याच प्रजातीत धरीत. त्याचे लाकूड तांबूस, सुवासिक, ओल शोषून हळूहळू परत देणारे. काकांच्या वडिलांनी एका सुताराकडून करवून घेतलेली ती पेटी आतून तुनाची होती. तमिळमध्ये तुनाला चंदनवेंबू, म्हणजे चंदनी कडुनिंब म्हणतात, हे काकांनीच सांगितले. झाकण उघडले की जो वास येई त्यात तंबाखू किती आणि लाकूड किती हे मला अखेरपर्यंत सांगता आले नाही.

मात्र पेटी वर्षानुवर्षे वरच्या तापलेल्या मजल्यावर राहून वाळून खडखडीत झाली होती. अशा पेटीत चिरूट ठेवले की लाकूडच त्यांची ओल पिऊन टाकते. म्हणून आधी लाकडाची तहान भागवावी लागते. चिरूट बाहेर एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून रिकाम्या पेटीत डिस्टिल्ड वॉटरची वाटी ठेवली आणि झाकण लावून दोन आठवडे तिच्याकडे पाहिले नाही. पाणी डिस्टिल्डच हवे. नळाच्या पाण्यातले क्षार स्पंजाची छिद्रे बुजवितात, आणि असल्या पाण्याने बुरशीलाही वाव मिळतो. हे पाणी मिळवायला कुठे लांब जावे लागत नाही. ज्या देशात घरोघर इन्व्हर्टर आहे त्या देशात बॅटरीच्या दुकानात ते बाटलीने मिळते.

मग यंत्र. एक लहानसा आर्द्रतामापक मी मागविला. तो खरे बोलतो की नाही हे कसे कळावे? याची परीक्षा स्वयंपाकघरात होते, आणि ती मला फार आवडली. बाटलीच्या टोपणात मीठ घ्यायचे, त्यावर पाण्याचे थोडेसे थेंब टाकून ते ओल्या वाळूसारखे करायचे, विरघळू द्यायचे नाही. ते टोपण आणि मापक एका पारदर्शक बरणीत झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवायचे. बंद जागेत ओल्या मिठाच्या सहवासातली हवा पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते. निसर्गाचा तो नियमच आहे, त्याला कोणाची शिफारस चालत नाही. माझ्या मापकाने सकाळी एक्काहत्तर दाखविले. याचा अर्थ तो चार टक्के कमी सांगतो. त्याच्यावर मी एक चिठ्ठी चिकटविली: ‘अधिक चार’. खोटे बोलणारा, पण नेहमी सारखेच खोटे बोलणारा सहकारी कचेरीत किती उपयोगी असतो, हे आपण जाणताच.

ओल देण्यासाठी साबणाची छिद्रांची डबी घेतली. तीत फुलवाले गुच्छ खोचायला वापरतात तो हिरवा फोम कापून बसविला आणि त्यावर डिस्टिल्ड वॉटर व प्रॉपिलीन ग्लायकॉल समभाग मिसळून ओतले. हे मिश्रण सत्तर टक्क्यांच्या आसपास हवा राखते: कमी पडली तर ओल देते, जास्त झाली तर थोडीफार परत घेते, आणि बुरशीलाही दाबून ठेवते. पुढे सुकले की नुसते पाणीच घालायचे, कारण ग्लायकॉल सहसा उडून जात नाही. हल्ली क्षाराच्या दाट द्रावणाची पाकिटेही मिळतात, ती हेच काम अधिक बिनबोभाट करतात. पण कारकुनाच्या पगारात दर दोन-तीन महिन्यांनी ती मागविणे मला रुचले नाही.

चिरूट लगेच पेटीत घातले नाहीत. वाळलेल्या चिरुटाला एकदम ओल दिली तर पोटातले पान बाहेरच्यापेक्षा निराळ्या वेगाने फुगते आणि वेष्टन फाटते. उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवू नये, तसे. त्यांना आधी साठ टक्क्यांच्या डब्यात, मग पासष्टच्या, असे करीत दीड महिन्याने पेटीत आणले. कारकुनाच्या हाती कोणतीही वस्तू पडली की पहिल्याने तिची नोंदवही तयार होते. मीही केली. रकाने पाच: दिनांक, वेळ, आर्द्रता, उष्णता, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुधा ‘निरंक’ असे.

आता उष्णतेचे अवघड प्रकरण. यात खरा शत्रू तंबाखूचा भुंगेरा. दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी, दिसायला निरुपद्रवी. त्याची अंडी पानातच असू शकतात आणि चोविस-पंचवीस अंशांच्या वर हवा गेली की त्यांना जाग येते. अळी आतल्या आत पान पोखरते. भुंगेरा बाहेर पडतो तेव्हा ते टाचणीएवढे भोक दिसते. म्हणजे भोक ही सुरुवात नव्हे. ते दिसते तेव्हा आतला कार्यक्रम आटोपलेला असतो. हाच प्राणी हळद, सुक्या मिरच्या, एवढेच काय पुस्तकांची बांधणीही खातो, असे वाचल्यापासून मी आमच्या मिरचीच्या डब्याकडेही संशयाने पाहू लागलो.

यावर उपाय एकच: चिरूट दोन पिशव्यांत हवाबंद करून तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचे, मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या भागात, मग बाहेर. घाई केली तर वेष्टन तडकते. उपाय सांगायला सोपा. पण फ्रीज कोणाचा? काकांच्या सुनेने स्वच्छ नकार दिला. तिच्या फ्रीजरमध्ये खवलेला नारळ होता, खाली इडलीचे पीठ होते, आणि सोवळ्याओवळ्याचा तिचा विचार काही अगदीच जुना नसला तरी तंबाखू नारळाशेजारी निजणार ही कल्पना तिला सहन होण्यासारखी नव्हती. अखेर ते आमच्या फ्रीजरमध्ये निजले. माझ्या पत्नीने त्या तीन दिवसांत बर्फ केला नाही, आणि पाहुण्यांना सरबत का दिले नाही याचे कारणही कोणाला सांगितले नाही.

पुढचे उन्हाळे काढायला मी थर्मोकोलची एक मोठी पेटी आणली. तुनाची पेटी हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात, तो डबा थर्मोकोलच्या पेटीत, आणि डब्याच्या बाहेर, लक्षात घ्या, बाहेर, गोठविलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. सकाळी कचेरीला जाताना बदलायच्या, संध्याकाळी आल्यावर बदलायच्या. बाटली आत ठेवली तर तिच्यावरचा घाम थेट चिरुटांवर जातो. शिवाय हवा गार झाली की तेवढ्याच बाष्पाने ती अधिक दमट ठरते. म्हणून उन्हाळ्यात डबीतला फोम जवळजवळ कोरडाच ठेवायचा. या युक्तीने बाहेर एकोणचाळीस असताना आत चोवीस राहत असे. एकवीस कधी झाले नाही.

आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून, पश्चिमेकडून जो वारा सुटतो त्याला तर तोडच नाही. आडीच्या वाऱ्यात पाटा-वरवंट्यातला पाटाही उडतो अशी तमिळ म्हण आहे. हा वारा कोरडा. दाराच्या फटीतून शिरून तो महिनाभर घरातली ओल चाटून नेतो. माझ्या वहीत त्या दिवसांत आर्द्रतेचे आकडे उतरणीला लागलेले दिसतात. याउलट ऑक्टोबरमध्ये ईशान्येचा पाऊस आला की फोम काढून टाकावा लागे. एका नोव्हेंबरात चार चिरुटांवर पांढुरकी छटा दिसली. काही शौकीन हिला परिपक्वतेचा मोहोर म्हणून मिरवितात. बहुतेक वेळा ती बुरशीच असते, असे माझे मत आहे. भिंगाखाली तिला तंतू दिसले. मऊ कापडाने पुसून, एक रात्र झाकण उघडे ठेवून ती घालविली. शेऱ्याच्या रकान्यात त्या दिवशी प्रथमच चार ओळी झाल्या.

या साऱ्या खटाटोपाबद्दल पत्नीने मला एकदाच, पण सरळ विचारले: “तुम्ही जपताय ते विष आहे ना?” आहे. चिरुटाचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, असे जे सांगतात ते खोटे सांगतात. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग त्याने होतो, आणि आमच्या पट्ट्यात तंबाखूने गेलेली माणसे मी मोजून दाखवू शकतो. त्यांत माझे थोरले मामा आहेत. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांना पाणी गिळता येत नव्हते. मग मी ती पेटी का ठेवून घेतली? याचे उत्तर मी पत्नीला त्या दिवशी दिले नाही, आणि पुढे तिने विचारलेही नाही. कारण मधल्या काळात तिने पोंगलचा तो दिवस पाहिला.

ते २०२२ चे साल. त्याच्या आदल्या वर्षी करोनाच्या भीतीने रावुत्तरांना घराबाहेर पडता आले नव्हते. मुलाने त्यांना गाडीतून उतरविले, काका फाटकापर्यंत गेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि एकदमच तक्रार सुरू केली. रावुत्तरांनी रस्त्याविषयी, काकांनी उशिराविषयी. जेवणे झाली. मागच्या ओसरीवर दोन खुर्च्या टाकल्या. मी पेटी आणली. काकांनी दोन चिरूट निवडले, बोटांनी हलकेच दाबून पाहिले, कानाशी नेले. वाळलेला असेल तर पान कुरकुरते. कुरकुरले नाही. रावुत्तरांनी काडीने पेटविला, गंधक जळून जाऊ दिले, मग ज्योत टोकापासून थोडी लांब धरून सावकाश फिरविली. पहिला धूर सोडून ते काही वेळ गप्प बसले.

“ओल बरोबर आहे,” ते तमिळमध्ये म्हणाले.

मला कचेरीत आजवर मिळालेल्या कोणत्याही गोपनीय अहवालातला शेरा मी याच्यापुढे ठेवणार नाही.

काकांनी अर्धाच ओढला. उरलेला अर्धा रक्षापात्राच्या कडेला आपण होऊन विझू दिला. चिरूट कधी चिरडून विझवू नये, म्हणाले. रावुत्तरांनी मात्र तंजावर येईपर्यंत, म्हणजे त्यांच्या मापाने पुरता तासभर, ओढला. या सबंध वेळात दोघे फारसे बोललेच नाहीत. एकदा काका म्हणाले, “दहा.” रावुत्तर म्हणाले, “ठीक.” माझी पत्नी कॉफी घेऊन आली होती, ती दारातच थांबली. धुराने तिला ठसका येत होता, तरी थांबली.

२०२३ साली आठ झाले. २०२४ साली सहा. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस माझा बदलीचा आदेश आला, जबलपूरचा. त्रिचीला तीन वर्षे होऊन गेली होती, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. कचेरीतला कार्यभार दोन दिवसांत दिला. पेटीचा कोणाला द्यावा, याला दोन आठवडे लागले. काकांचा हात आता कापत असे. बाटल्या बदलण्यासाठी दिवसातून दोनदा जिना उतरणे त्यांच्याने होणारे नव्हते. मुलगा फिरतीवर. सून नकाराधिकार बजावून मोकळी झालेली.

राहिली नात. ती तेव्हा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आजोबांच्या चिरुटांविषयी तिला तिटकारा होता आणि तो लपविण्याची तिला गरज वाटत नसे. मी तिला चिरुटांविषयी एक शब्दही बोललो नाही. मिठाची परीक्षा दाखविली. पंचाहत्तरच का, असे तिने विचारले. मला नियम ठाऊक होता, कारण नव्हते. तिने ते मला दोन दिवसांनी, पाण्याच्या बाष्पदाबापासून सुरुवात करून, कागदावर आकृती काढून समजाविले. मला अर्धेमुर्धे समजले. मग तिने मापक मागून घेतला, पुन्हा मिठात ठेवला आणि येऊन सांगितले की तो आता चार नव्हे, पाच टक्के कमी दाखवितो; चिठ्ठी बदलायला हवी.

मी रीतसर यादी केली: तुनाची पेटी एक, आर्द्रतामापक एक, साबणाची डबी फोमसह एक, ग्लायकॉल अर्धी बाटली, थर्मोकोलची पेटी एक, नोंदवही एक, चिरूट सहा. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, साक्षीदार म्हणून काकांची सही. काकांनी सही करण्यापूर्वी चिरूट मोजले. रेल्वेचा माणूस. पत्नीने आमच्या खोलीची किल्ली नव्या भाडेकरूंसाठी ठेवताना सुनेला विचारून घेतले, की मागच्या खोलीची थर्मोकोलची पेटी हलवायची नाही असे त्यांना सांगितले आहे ना. सांगितले होते. नव्या भाडेकरूंनाही अट आता आधीच घातली होती.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला नातीचा निरोप मोबाइलवर येतो. त्यात कुशलप्रश्न नसतो; तीन आकडे असतात. आर्द्रता, उष्णता, शिल्लक. ‘६८. २३. सहा.’ ‘६६. २४. सहा.’ जबलपूरच्या थंडीत, नर्मदेवरून येणाऱ्या वाऱ्यात कचेरीला जाताना मी ते वाचतो आणि त्रिचीत पाऊस लागला असावा, की आडी सरला असावा, याचा अंदाज बांधतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत निरोप आला: ‘६९. २२. सहा.’

मी लगेच फोन लावला. नातीने आधी हसून घेतले. रावुत्तरांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, डॉक्टरांनी प्रवास मना केला होता, म्हणून ते आले नाहीत. काकांनी एकट्याने ओढायला नकार दिला. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी ते खाली गेले, पेटी उघडली, वास घेतला, मोजले आणि झाकण लावले. रावुत्तर फोनवर म्हणाले की हे वर्ष हिशेबात धरू नये.

“म्हणजे एक वर्ष वाढले,” ती म्हणाली. “उन्हाळ्याआधी पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवू का?”

मी म्हणालो, ठेव. दोन पिशव्यांत, तीन दिवस, मग एक दिवस खाली. आणि विचारले, कोणाच्या फ्रीजरमध्ये?

“आमच्या,” ती म्हणाली. “आईने नारळ वरच्या कप्प्यात हलवलाय.”